वरची चिमूट

युद्ध सुरू झालं आणि साखर माणशी पाव किलोवर आली. रेशन दुकानांची तपासणी माझ्याकडे होती. मापात मारणारे मी पुष्कळ पकडले, त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. जास्त तोलणारा वाणी मात्र पहिल्यांदाच पाहिला.

तागडी समतोल झाली की हा म्हातारा वर आणखी चिमूटभर साखर टाकायचा. बापाने लावलेली सवय. रांगेतल्या पहिल्या सात पिशव्या मी पुन्हा तोलल्या. सातही जास्त भरल्या. जादा साखर पोत्यात परत टाकायला लावली.

"काका, साखर कार्डांपुरतीच येते. सगळ्यांना वर टाकता, मग तूट कोणाच्या माथी?"

काका तागडी पुसू लागले. आतून त्यांची बायको आली. "तूट म्हणजे? पोतंच कमी भरून येतं ना? म्हणून तर आमच्या कार्डाला कधी पुरत नाही."

"पोतं मी सकाळी स्वतः तोललंय, काकू. नेमकं भरलं."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "चार महिने बाळंतीण सून फिकं दूध पितेय. आणि तुम्ही गावाचे दानशूर कर्ण!"

"हळू बोल. चारचौघांत कशाला?" काका पुटपुटले.

नियमात कमी आणि जास्त दोन्हीला शिक्षा एकच, परवाना रद्द. नियम करणाऱ्याने असला प्राणी पाहिलेला नसणार. मी मधला मार्ग काढला. "यापुढे तागडी काकू धरतील. नाहीतर दुकानाला सील."

"लावा सील," काका म्हणाले. "दाणे मोजूनच द्यायचे तर वाणी कशाला हवा?"

मला संताप आला. वाचवायला जावं तर हा आपणच विहिरीत उडी मारतोय. काकूंनी वाद घातला नाही. नवऱ्याला बाजूला सारून त्यांनी तागडी उचलली. "कार्ड घ्या आणि रांगेत उभे राहा."

लोक हसले. काका शेवटी जाऊन उभे राहिले. काकूंनी प्रत्येकाला काटेकोर तोलून दिलं. "बाईचा हात आखडता आहे," असं दोघीतिघी ऐकू जाईल एवढ्याने बोलल्याच.

काकांची पाळी आली. मुलगा आघाडीवर, कार्डावर माणसं तीन. पाऊण किलो पुरेपूर भरली.

"चार महिने मी सरकारला शिव्या घातल्या," काकू म्हणाल्या आणि रडू लागल्या. "जा, सुनेला तुम्हीच सांगा."

काका पिशवी धरून तिथेच उभे राहिले. आत जायचं धाडस त्यांना होईना.