आधी खोट

“पन मी तठे येऊ कधय?” कापड कारखान्यातल्या सुकलाल मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

कारखान्यासमोरच्या चहाच्या बाकड्यावर ते दोघं बसले होते. आतल्या लूमचा खडखडाट इथेही पायांखाली जाणवत होता. हर्षदाने पुन्हा समजावलं की यायचं कुठेच नाही. सुरतजवळच्या हजीऱ्याच्या एका कंपनीत हिशेबाच्या जागेसाठी ती अर्ज करत होती. तिला ओळखणाऱ्या, पण नात्यात नसलेल्या दोन माणसांची नावं त्यात द्यायची होती. वाटलं तर कंपनी त्यांना फोन करून विचारणार.

पहिलं नाव कॉलेजच्या सरांचं होतं. सगळ्या मुलींना देत तोच टाइप केलेला कागद त्यांनी तिलाही दिला होता: मेहनती, विनयशील, होतकरू. दुसरं नाव सुचेना, तेव्हा आई म्हणाली होती, तुझ्या बाबांनी ज्याच्यासोबत हयात काढली त्याला विचार. बाबा, म्हणजे धुडकू, उन्हाळ्यात सकाळच्या पाळीला गेले आणि तिथूनच दवाखान्यात नेले गेले. ते घरी परतले नाहीत. तेव्हापासून ती या दारात आली नव्हती.

मास्तरांना ही पद्धत पटेना. या कारखान्यात नवा माणूस लागायचा तो कोणी जुन्याने शब्द टाकल्यावर. शब्द टाकणारा स्वतः त्याला घेऊन शेठसमोर उभा राही आणि पुढे आठवडाभर त्याच्या लूमवर नजर ठेवी. तोंड न बघता माणसाची खात्री करणारी कंपनी त्यांना जरा पोरकट वाटली.

“बरं, फोन उना तर कसं सांगू? तुना बाप सांगे तसं?”

बाबा कसं सांगायचे, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने तसं म्हटल्यावर मास्तर हसले.

“तुना बाप कोनी तारीफ करे नही. पह्यले खोट सांगे. हाऊ सोमवारे उशिरा येस, तो बिडीले बाहेर पळस. मंग शेठ म्हने, धुडकू खोट लपाडत नही, त्याना मानूस चालेल.”

धुडकूचा शब्द म्हणून तर चालायचा, ते म्हणाले. खानदेशातून आलेली निम्मी माणसं त्याच शब्दावर लागली होती. हर्षदा ऐकत राहिली. घरात जेमतेम बोलणारे बाबा इथे माणसांची पारख करून बोलत होते, हे तिला नवंच होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, “माझ्याबद्दल कधी काही बोलले का?”

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग सांगून टाकलं. ती बारावी झाली तेव्हा शेठच्या ऑफिसात हिशेबाला मुलगी हवी होती.

ती जागा तिला आठवत होती. ती शेजारच्या दिपालीला मिळाली होती. बाबांनी शब्दच टाकला नाही, असं आई कितीतरी दिवस म्हणत होती, आणि हर्षदानेही ते खरं धरलं होतं.

“शब्द टाका व्हता ना त्यानी. शेठनी इचारं, तर म्हने, मनी पोर हुशार शे, पन अडनी तरी कोनले इचारत नही. एकटी कुढत बसस.” मास्तर कारखान्याकडे बघत म्हणाले, “इचारत नही तो मानूस कापड बिघाडस. शेठले हाई माहीत व्हतं.”

पोटच्या मुलीलाही त्यांनी सूट दिली नव्हती. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी, बाबांनी हे कधी हेरलं, कुठल्या दिवशी, कशावरून, याचाच विचार ती करत बसली.

“मग फोन आला तर तेच सांगा,” ती म्हणाली.

“नोकरी जाई ना, पोरी.”

“जाऊ दे. पण तेच सांगा.”

घरी येऊन तिने अर्जासोबतचं पत्र पुन्हा लिहायला घेतलं. सरांच्या कागदावरून उतरवलेली विशेषणं काढून टाकल्यावर फारच थोडं उरलं. बी.कॉम., टायपिंग, गुजराती लिहिता-वाचता येतं. शेवटी तिने एक साधं वाक्य घातलं: अडलं की विचारण्याची मला सवय नाही, ती मी लावून घेत आहे. दुसऱ्या दिवशी पाकीट टाकलं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मास्तर घरीच आले. आईने पाणी दिलं. कारखान्यात फोन आला होता. लूमच्या आवाजात ऐकू येईना म्हणून शेठने त्यांना काचेच्या केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. पलीकडचा साहेब हिंदीत बोलत होता. मास्तरांनी आधी खोट सांगितली.

“मग?” आईचा जीव टांगणीला लागला होता.

साहेब म्हणाला म्हणे, हे तर तिने स्वतःच लिहिलंय, अजून काय? “मी सांगं, कधी काही न मांगनारी पोर मनाकडे मांगाले उनी. येवढंच माले माहीत.” सोमवारी तिला भेटायला बोलावलं होतं.

आईने देवाजवळ साखर ठेवली. मास्तर जायला उठले, चपलेत पाय घातला.

“काका,” हर्षदा म्हणाली. गेले कित्येक महिने ती कोणाशी हे बोलली नव्हती, आईशीही नाही. “त्या दिवशी सकाळी... बाबा कामावर आले तेव्हा कसे होते?”

मास्तरांनी पाय चपलेतून काढला आणि ते परत खाली बसले. आई ओट्याशी होती. तिने भरभरणारा स्टोव्ह बारीक केला.