मेलेल्या राखणदाराचा नाश्ता

असं समजा मुलांनो, की तुम्ही एका उंच कड्यावर उभे आहात. फार पुढे जाऊ नका, वारा तिथे लहानमोठा बघत नाही. खाली समुद्र आहे आणि कड्याच्या टोकाला दीपगृहाचा पांढरा मनोरा आहे. आता त्या मनोऱ्याला चिकटून काचेचं एक ऐटबाज रेस्टॉरंट बांधा. बांधलंत? छान. आत मेणबत्त्या लावा, बाहेर अजून लख्ख उजेड असला तरी लावा. माणशी चार काटे ठेवा, जेवायला दोनच पदार्थ असले तरी ठेवा. आणि काचेजवळच्या टेबलाशी एक म्हातारे आजोबा बसवा. पाठ ताठ, मिशी पांढरी, आणि चेहरा असा की दाताखाली खडा आलाय पण थुंकायची सोय नाही.

हे आजोबा त्याच दीपगृहाचे राखणदार होते. एकतीस वर्षं. पुढे दिवा आपोआप लागू-विझू लागला, माणसाची गरज संपली, आजोबा निवृत्त होऊन शहरात लेकीकडे राहायला गेले. आणि रिकाम्या राखणदाराच्या घरावर हे रेस्टॉरंट येऊन बसलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

आजोबांना पंचाहत्तरावं लागलं म्हणून जावयाने ही मेजवानी ठरवली होती. रात्रीचं जेवण, मुक्काम आणि सकाळचा नाश्ता. सोबत लेक आणि नऊ वर्षांची नात. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

"बाबा, कसं वाटतंय आपल्या घरी?" जावयाने विचारलं.

"कुठलं घर?" आजोबा म्हणाले. "जिथे आम्ही झोपायचो तिथे आता हात धुवायची बेसिनं आहेत. पाच. एका माणसाला किती हात असतात?"

"बाबा, हळू बोला," लेक म्हणाली.

"हळूच बोलतोय. आणि ही काच बघ. आत एवढ्या मेणबत्त्या पेटवल्यात की थोडं अंधारलं की काचेत आपलंच तोंड दिसणार. बाहेरचं बघायचं तर आतला उजेड मालवावा लागतो, एवढंही या शहाण्यांना ठाऊक नाही. समुद्र दाखवतो म्हणून बोलावतात आणि आरसा दाखवतात."

भिंगरी खुदकन हसली. आजोबांना तेवढंच हवं होतं. जावई दुखावतोय हे त्यांना कळत होतं, पण तिरकस बोलण्याची एकदा गोडी लागली की जीभ आवरत नाही.

तेवढ्यात हेड वेटर आला. गळ्यात काळा बो, जणू फुलपाखरूच बांधलेलं, केस पाणी लावून चोपलेले. त्याने वाडग्यांत हिरवट सूप वाढलं आणि म्हणाला, "समुद्राची कुजबुज."

"काय?" आजोबांनी विचारलं.

"सूपचं नाव आहे, सर."

आजोबांनी चमचाभर घेतलं. "पालक आहे."

"हो सर, पालकच."

"मग त्याला पालक म्हणायला लाज वाटते का? बरं, मासा कुठला आहे?"

"परदेशी, सर. बर्फातून येतो."

आजोबांनी काचेतून खाली बोट दाखवलं. कड्याच्या पायथ्याशी पंधरा-वीस होड्या नुकत्या धक्क्याला लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या. वेटरने बोटाच्या दिशेने बघितलं आणि हसून म्हणाला, "हो सर, सुंदर दृश्य आहे ना?"

आजोबांनी डोळे मिटून घेतले. दगडाशी वाद घालू नये, असं ते मनात म्हणाले.

मासा वाढून झाल्यावर वेटर टेबलाशी रेंगाळला. हात पाठीमागे बांधून त्याने घसा साफ केला. "आपल्याला इथली कथा ऐकायची असेल ना? प्रत्येक टेबलावर आम्ही ती सांगतो."

"सांगा ना!" भिंगरी म्हणाली.

मग त्याने सांगितलं. पाठ केलेलं होतं, कुठे थांबायचं तेसुद्धा. या दीपगृहात एक राखणदार राहायचा. एकटेपणाने त्याचं डोकं फिरलं. एका वादळी रात्री त्याने दिवा विझू दिला. मोठं जहाज खडकावर आपटलं, सगळी माणसं बुडाली. पहाटे राखणदाराने कड्यावरून उडी टाकली. "खोटं वाटत असेल तर तिथे बघा," तो म्हणाला आणि दाराजवळच्या काचेच्या पेटीकडे त्याने हात केला. पेटीत एक जाड वही उघडून ठेवली होती, वरून छोटा दिवा सोडलेला. "त्याच्या स्वतःच्या हातची वही. त्या रात्रीचं पान कोरं आहे."

जावई उसळून म्हणाला, "अहो, काय बोलताय! हे इथे बसलेत ना, हे—"

टेबलाखाली आजोबांचा बूट त्याच्या नडगीवर बसला. जावई कळवळून गप्प झाला. आजोबा वेटरला म्हणाले, "छान सांगता. मिठाचं भांडं द्या."

वेटर गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही का नाही बोललात?"

"कुणाशी? त्या फुलपाखराशी? पायाखालचे मासे सोडून बर्फातले आणणाऱ्यांशी? अशांना खरं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांची तेवढी लायकी नाही."

आजोबा शांतपणे मासा खाऊ लागले. मासा पुठ्ठ्यासारखा होता, आणि तो तसा आहे याचंही त्यांना समाधान वाटत होतं. पण भिंगरी जागेवर नव्हती. ती काचेच्या पेटीला नाक लावून उभी होती. परत आली तेव्हा तिने गोड पदार्थाला हात लावला नाही. नावच इतकं लांबलचक होतं की पदार्थ येईपर्यंत ते विसरायला झालं होतं, पण नऊ वर्षांची मुलगी गोड सोडते तेव्हा कारण वेगळंच असतं.

मुक्कामाच्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'राखणदाराची शय्या'. आजोबांनी ती वाचली आणि त्यांच्या मिशीचं एक टोक वर गेलं. "ही रंगाच्या डब्यांची खोली होती," ते भिंगरीला म्हणाले. "इथे मी झोपलो असतो तर वासानेच मेलो असतो. उडी मारायची गरजच नव्हती."

भिंगरी हसली नाही. लेक-जावई शेजारच्या खोलीत सामान लावत होते. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पाय हलवणं थांबवून म्हणाली, "आजोबा, त्या वहीत तुमचं अक्षर आहे."

"माझंच असणार. वही माझी आहे."

"डावीकडचं पान भरलंय. वारा, ढग, किती जहाजं गेली, सगळं. तुम्ही मला वाढदिवसाचं पत्र लिहिता तसंच अक्षर. आणि उजवीकडे नुसती तारीख." तिने वर बघितलं. "आजोबा, त्या रात्री दिवा खरंच विझला होता का?"

एवढा वेळ आजोबा वेटरला हसत होते, सूपाला हसत होते, पाटीला हसत होते. आता मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. फुलपाखरू काहीही बडबडो, त्याला कोण विचारतो! पण ही पोर तीन तास ते मनात घेऊन फिरत होती. आपला आजोबा माणसं बुडवणारा आहे की काय, असं तिला वाटत होतं. आणि तिला तसं वाटू दिलं कुणी? वेटरने निम्मं. उरलेलं निम्मं मिठाचं भांडं मागणाऱ्याने.

"नाही," आजोबा म्हणाले. "एकतीस वर्षांत एकदाही नाही. आणि कुणी बुडालंही नाही. इकडे ये."

त्यांनी तिला खिडकीशी नेलं आणि आधी खोलीतला दिवा मालवला. मग समुद्र दिसला, काळा आणि हलता.

"दीपगृहाचा दिवा नुसता जळून भागत नाही," ते म्हणाले. "त्याच्याभोवती कपाटाएवढं भिंग फिरतं. आमचं भिंग फिरलं की दर दहा सेकंदांनी एक झोत समुद्रावर जायचा. जहाजावरचा कप्तान सेकंद मोजतो. दहा भरले तर तो म्हणतो, हा अमुक कडा, इथून डावीकडे वळा. सात भरले तर दुसरा कडा. भिंग थांबलं तर दिवा जळत असूनही कप्तान फसतो."

"आणि ते थांबलं?"

"त्या रात्री भिंग फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा दाता तुटला. दिवेलागणीलाच. वादळ होतंच, ते मात्र फुलपाखराने खरं सांगितलं. मदतनीस तापाने फणफणलेला. मग मी भिंग हाताने फिरवलं."

"हाताने?"

"हाताने. भिंगाची बैठक पाऱ्यावर तरंगते, ढकललं की सरकतं. पण वेग सारखा ठेवायचा, हे अवघड. तुझी आजी घड्याळ घेऊन शेजारी उभी राहिली आणि आकडे म्हणत राहिली. एक ते दहा, पुन्हा एक ते दहा. उजाडेपर्यंत. मी जरा डुलकलो की 'दहा' एवढ्या जोराने म्हणायची की मदतनीस तापातून उठून बसायचा."

आता भिंगरी हसली. मग लगेच म्हणाली, "पण पान कोरं का?"

"लिहायला हात कुठे मोकळा होता? आमच्या वहीचा नियम होता, बघताना लिहायचं, नंतर आठवून लिहायचं नाही. माणूस आठवायला लागला की वारा वाढतो आणि लाटा उंच होतात. सकाळी आमच्या वरच्या साहेबांचा फोन आला, म्हणाले, अंदाजाने भरून टाक, कोण बघतंय? मी म्हटलं, तारीख घातलीय, बाकी पान तसंच राहील. दाता तुटल्याचं दुरुस्तीच्या वहीत लिहिलं. ती वही मात्र या विद्वानांनी पेटीत ठेवली नाही. तिच्यात कुणी मरत नाही ना!"

"म्हणजे तुम्ही सगळ्यात जास्त काम केलं, त्याच रात्रीचं पान कोरं?"

"तसंच."

 भिंगरी कमरेवर हात ठेवून आजोबांसमोर उभी राहिली. "मग सांगा ना त्यांना!"

"त्यांची लायकी नाही, भिंगरे. त्यांना खरं नको आहे, चटपटीत हवं आहे."

"वेटरला नको असेल. पण जे जेवायला येतात त्यांना खोटंच कळणार. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

 एकतीस वर्षं आजोबा ज्यांच्यासाठी दिवा सांभाळत होते त्यांतल्या एकाचीही लायकी त्यांनी कधी विचारली नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आलेलं त्यांना आवडलं नाही. "झोप आता," ते म्हणाले.

सकाळी नाश्त्याला ऊन काचेतून थेट डोळ्यांत येत होतं. टोस्ट पातळ होते आणि त्यांच्यावर समुद्रपक्ष्याचा छाप भाजलेला होता. "पक्षी भाजायला वेळ आहे, पाव नीट भाजायला नाही," आजोबा म्हणाले, पण रोजच्या जोमाने नाही. जावई नडगी चोळत बसला होता, पण सासऱ्याला चहा ओतून देत होता. तो बिचारा भला माणूस होता.

शेजारच्या टेबलावर एक नवं कुटुंब आलं. आई, वडील आणि साताठ वर्षांची दोन वेण्यांची मुलगी. त्यांचं ऑम्लेट ठेवून हेड वेटरने हात पाठीमागे बांधले, घसा साफ केला. "आपल्याला इथली कथा ऐकायची असेल ना?"

वेडा राखणदार, वादळ, विझलेला दिवा. आज त्याने जहाजात एक नवरीसुद्धा चढवली होती, काल ती नव्हती.

"आणि जहाजातली मुलं?" वेण्यांच्या मुलीने विचारलं.

"सगळी बुडाली," वेटर म्हणाला आणि ठरलेल्या जागी थांबला.

मुलीने काटा खाली ठेवला. तिचे ओठ थरथरू लागले. "दुष्टच होता तो राखणदार," ती म्हणाली. तिची आई वेटरला म्हणाली, "वा! किती छान सांगता हो तुम्ही!"

आजोबांच्या हातातली लोण्याची सुरी टोस्टवरच थांबली. भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. जावई आणि लेकही बघत होते. आजोबांनी तोंड उघडलं. पण पंचाहत्तर वर्षांची खोड अशी एका रात्रीत जात नाही. "त्यांची लायकी..." ते पुटपुटले, आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना.

भिंगरीने तो सापडायची वाट बघितली नाही. तिने खुर्ची मागे सरकवली, सरळ शेजारच्या टेबलाशी गेली आणि फुलपाखराच्या कोपराखालून वाट काढत त्या मुलीसमोर उभी राहिली.

"रडू नकोस," ती म्हणाली. "कुणीही बुडालं नाही. तो राखणदार मेलेलाही नाही. तो बघ तिथे बसलाय, टोस्टला लोणी लावतोय. थोडा खडूस आहे, पण विचारलं की सांगतो."

मग तिने त्या मुलीचा हात धरून तिला उठवलं, आजोबांच्या टेबलाशी आणलं, स्वतःची खुर्ची तिला दिली, आणि आजोबांच्या पुढ्यातली टोस्टची बशी बाजूला सारून म्हणाली, "हं, आजोबा. दाता तुटला तिथून."