गंगूबाईच्या लुगड्याखालचे एकोणीस दिवस

मी गंगूबाईच्या गच्चीवरचा डबा बोलतोय. कागदोपत्री मी हवेतली धूळ मोजणारं यंत्र आहे, पण अकोटच्या या गल्लीत मला डबाच म्हणतात. पोटात लहानसा पंखा आहे. हवा आत ओढायची, धूळ मोजायची, आकडा अकोल्याला पाठवायचा, एवढंच काम. तेही नीट जमतंय की नाही, ही धाकधूक मला पहिल्या दिवसापासून आहे.

मला इथे बसवलं अकोल्याच्या भगवंतरावांनी; माझे आकडे तेच वाचतात. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ; एक स्क्रू आवळला तरी तीनदा तपासणार. जाताना म्हणाले, "गंगूबाई, हे नाजूक आहे. जपा बरं."

समोरच जिनिंग आहे, कापसातली सरकी काढणारी गिरणी. गंगूबाई सकाळच्या पाळीला तिथेच जाते आणि खोकत घरी येते. माझे आकडे शहराच्या समितीला पटले, तर पुढच्या हंगामापासून जिनिंगला धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवाव्या लागणार होत्या.

फाल्गुनात गंगूबाईनं गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या. दुपारी जिनिंगमधला कचरा पेटवला की धूर इकडे यायचा. मग ती कुरड्यांवर जुनं लुगडं पसरायची आणि एक पदर माझ्यावरही टाकायची.

"तुले बी नाक हाये बाप्पा," म्हणायची.

लुगड्याआड माझा पंखा फिरत राहायचा आणि मी स्वच्छ हवेचे आकडे पाठवत राहायचो. घुसमट व्हायची. पण आकड्याशिवाय मला भाषा नाही, आणि आकडाच खोटा होता.

भगवंतराव एरवी शनिवारी सकाळी यायचे. त्या आठवड्यात बुधवारी भर दुपारी एसटीनं आले. "सकाळी एवढी धूळ आणि दुपारी काहीच नाही? माझंच काही चुकतंय," असं पुटपुटत जिना चढले आणि थबकले.

"हे काय, गंगूबाई!"

"काहून? तुमीच म्हनलं होतं ना, नाजूक हाये, जपजा! एकोणीस दिवस झाले, एक बी दिवस इसरली नाई."

 मग त्यांनी लुगडं उचलून पाहिलं. पिवळं लुगडं राखाडी झालं होतं.

"मंग हेच न्या समितीले," गंगूबाई म्हणाली. "हे काय खोटं बोलून राहिलं?"

ते हसले, पण लगेच चेहरा उतरला. त्या एकोणीस दुपारांचे आकडे अंदाजानं भरता आले असते. कुणाला कळलंही नसतं. त्यांनी अहवालात लिहिलं, 'एकोणीस दुपारी यंत्र झाकलेलं होतं. मी नीट समजावून सांगितलं नव्हतं, चूक माझी.' समितीनं सांगितलं, पुढच्या हंगामात पुन्हा मोजा, मग बघू.

"बरोबर केलं ना रे मी?" दर शनिवारी ते माझ्यावरची धूळ पुसत विचारतात. मलाही ठाऊक नाही. गाळण्यांविना आणखी एक अख्खा हंगाम गंगूबाईच्या छातीत जाणार, एवढंच मला दिसतं.

आता नवा कापूस आलाय. गंगूबाई मला झाकत नाही. त्याच लुगड्याचा फाडलेला तुकडा नाकावर बांधून ती समोरच्या फाटकातून आत जाते, आणि मी वरून बघत मोजत राहतो. यंदा एकही दुपार चुकवलेली नाही.

आकडे वाचणाऱ्यांनो, मला उघडंच राहू द्या. झाकायचंच असेल तर त्या जिनिंगचं धूळ ओकणारं तोंड झाका. एका लुगड्यावर किती धूळ बसते, ते मी एकोणीस दिवस आतून पाहिलंय.