पानाशेजारी बूट

कौशल्याने बूट पानाशेजारी ठेवले, आणि जयसिंगकाकांनी ते लगेच उचलून पडवीतल्या खांबापाशी नेऊन आदळले.

"एडेपाशी चामडं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्यांना जे आवडायचं ते ठेवायचं असतं ना? अज्जांना हेच आवडायचे."

"धोतर ठेवलंय. मटण ठेवलंय. विड्याही ठेवल्यात. पुरे झालं."

महालय अमावास्या होती. गवीपुरातल्या सगळ्याच घरांत आज गेलेल्या माणसांसाठी पानं वाढली जात होती. पानाला इथे एडे म्हणायचं, त्याच्यापुढे त्या माणसाच्या आवडीच्या वस्तू मांडायच्या, दार लोटून बाहेर यायचं आणि त्याने पोटभर जेवावं म्हणून घटकाभर गप्प बसायचं. कौशल्याच्या आजोबांना, मल्हाररावांना, जाऊन वर्ष उलटलं होतं. त्यांचं हे पहिलंच पान, आणि ते त्यांच्याच खोलीत मांडायचं असं काकांनी ठरवलं होतं. या गोष्टीचाच कौशल्याला सगळ्यात जास्त राग आला होता.

"त्याच खोलीत," ती होसकोट्याहून आलेल्या आत्याला म्हणाली. "जिथे कोंडून मारलं, तिथेच जेवायला बोलावतायत."

गोजराबाई आत्याने पदराची पिशवी सोडून होन्नगोन्याची भाजी परातीत ओतली. तळ्याच्या काठावरून वडिलांसाठी तिने ती पहाटे स्वतः खुडून आणली होती. तिने भावाकडे पाहिलं. काका खिडकीची धूळ पुसत होते.

मल्हाररावांनी चाळीस वर्षं सर्व्हे खात्यात साखळी ओढली होती. म्हैसूर संस्थानातल्या किती तळ्यांचे बांध त्या साखळीने मोजले गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पेन्शन मिळाली तरी पाय घरात ठरेनात. दर रविवारी उजाडायच्या आत निघून बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत चालत जायचं आणि दिवे लागायला चालत परत यायचं. आईबापावेगळी कौशल्या सहा वर्षांची झाली तशी तीही सोबत जाऊ लागली. जाताना चालत, येताना बहुतेक खांद्यावर. पलटणीच्या जुन्या बाजारातून घेतलेले ते जड फौजी बूट वाटभर खाडखाड वाजायचे. पण बांध आला की म्हातारा खाली बसून बूट काढायचा, नाड्या एकमेकींत बांधायचा आणि जोडी गळ्यात अडकवायचा.

"बांधावर लोकांचं पोट आहे, कौसे. बुटानं तुडवू नये."

तो शेंगा भाजायचा, पाणकोंबडीची पिल्लं दाखवायचा, पाण्याच्या रंगावरून खोली सांगायचा. छपराखाली त्याला झोप येत नसे. थंडीतही तो पडवीत घोंगडी पसरायचा. घरात सगळ्यांना ती खोड वाटे. कौशल्याला मात्र त्या म्हाताऱ्याइतकं कुणीच कधी आवडलं नव्हतं.

शेवटी शेवटी त्याचं चालणं शाबूत राहिलं आणि परतीची वाट तेवढी हरवली. एकदा बनशंकरीच्या देवळामागे शेतात सापडला. एकदा पोलिसांनी आणून सोडला. तिसऱ्या वेळी दोन दिवसांनी होसकोट्याच्याही पलीकडे सापडला, तळपाय सोललेले, बूट गळ्यात. त्याच आठवड्यात काकांनी सुतार आणून खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली आणि बूट माळ्यावर टाकले.

"अकरा महिने," कौशल्या आता आत्याला सांगत होती, पण आवाज काकांसाठी होता. "खिडकीतून काय दिसतं माहीत आहे? शेजारच्या नागनाथांच्या न्हाणीघराची भिंत. माणूस दाराशी बसून असायचा. बूट मागायचा. दुपारचं ताट मीच न्यायचे, मला ठाऊक आहे तो कसा जेवायचा ते."

"हळू बोल," अनुसूयाकाकू म्हणाली. "शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. यांनी काय केलं ते सगळ्या गल्लीला कळू दे."

"कळलंय की गल्लीला," काका म्हणाले. "वर्षभर तेच सांगतेस."

"खोटं सांगते का?"

काकांनी फडकं झटकलं. त्यांच्या कपाळाची शीर उठली होती. "तू माझ्या घरात राहतेस, माझं खातेस, आणि—"

"अण्णा," आत्या म्हणाली. "आज नको."

काका बाहेर गेले. पाण्याचा हंडा उचलल्याचा आणि जोरात टेकवल्याचा आवाज आला. कौशल्याला बरं वाटलं. त्यांना लागलंय हे पाहून तिला नेहमीच बरं वाटायचं, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

आत्याला लुगडं बदलायचं होतं. ती खोलीत गेली आणि दार ओढू लागली. दार निम्म्यात अडलं.

"हे लागत कसं नाही गं?"

"कुणालाच लागत नाही ते," काकू म्हणाली. "बिजागरं उतरलीत. यांनाही कधी धड लागलं नाही. रात्री दोन्ही हातांनी झटायचे, तरी कडी निसटायची."

आत्याने नाद सोडला आणि कोपऱ्यात आडोशाला गेली.

दुपारी पान वाढून झालं. नाचणीच्या उकडीचा गोळा, मटणाचा रस्सा, होन्नगोन्याची भाजी, कडबू. धोतराची घडी, विड्यांचं बंडल. काकांनी पाणी फिरवलं, पालथे पडले आणि बराच वेळ तसेच राहिले. नाटक, असं कौशल्याला वाटलं. तिने स्वतः नमस्कार करताना डोळे मिटले नाहीत. भिंतीवर, दाराच्या बाजूला, म्हाताऱ्याची पाठ टेकून टेकून चुन्यावर तेलकट डाग पडला होता. तेवढाच ती पाहत राहिली.

"चला आता बाहेर," आत्या कुजबुजली. "दार नुसतं लोटायचं. कडी लावायची नसते, वडील येणार असतात."

काका आधी बाहेर पडले, मग काकू, मग आत्या. कौशल्या शेवटी. तिच्या डाव्या हातात रिकामं तांब्याचं ताट होतं. तिने दार ओढलं. डावा गुडघा फळीखाली टेकवून तिने ते बोटभर वर रेटलं, उजव्या हाताने कडी उचलली आणि कोयंड्यात सोडली. एका दमात, न बघता.

खट्ट.

पडवीत सगळे थांबले. काकू चुलीकडे निघाली होती, ती मागे वळली. आत्याने आधी कडीकडे पाहिलं, मग हातातल्या ताटाकडे, मग कौशल्याच्या तोंडाकडे. कौशल्या स्वतःचा हात पाहत होती. रोज दुपारी ताट घेऊन बाहेर आल्यावर मागून एक आवाज यायचा, "कौसे, जोडा दिसला का गं?" आणि ती म्हणायची, "नाही, अज्जा." मग हाच गुडघा आणि हाच हात. पुस्तक उघडं टाकून आलेलं असायचं, परीक्षा तोंडावर होती. तो सकाळी एकदा निसटला तर दिवसभर शोधत कोण फिरणार, असंही तिच्या मनात यायचं. वर्षभर तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

आता काका बोलतील, असं तिला वाटलं. बोलायलाच हवं होतं त्यांनी. सगळी गल्ली ऐकायला तयार होती.

काका खांबापाशी गेले. वाकून त्यांनी बूट उचलले, धोतराच्या सोग्याने एकेकाचं नाक पुसलं.

"दार जुनं झालंय, गोजरा," ते बहिणीला म्हणाले. "कधी कधी आपसूक बसते कडी."

काकू चुलीकडे गेली.

"सरक स्वल्प," काका कौशल्याला म्हणाले.

ती सरकली नाही. तिला सरकता आलं नाही. काकांनी तिच्या बाजूने हात घालून कडीशी झटापट केली, एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी ओढून ती काढली. दार लोटून त्यांनी बूट आत पानाशेजारी ठेवले, नाकं बाहेरच्या बाजूला करून.