उघडं, पण न वापरलेलं

“उघडलंस की ते गेलं, असं समज. वापरलं नाही ना, मग काय बिघडलं, हे मनातसुद्धा आणायचं नाही. परत धुवायचं, परत बांधायचं.”

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी हिरव्या कापडाची घडी घालताना थोरलीच्या कानात हा आवाज यायचाच. हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे धुऊन, कापडात बांधून वाफेत घालतात, तिथे आधी आई कामाला होती, आता थोरली होती. वरच्या ऑपरेशनच्या खोलीतून एखादा सेट नुसती गाठ सोडून, हात न लावता परत आला, तरी तो बाटला. थोरली तो मुकाट्याने पहिल्यापासून धुवायला घ्यायची. कुरकुर नाही, आळस नाही.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी मागच्या दाराशी आली. एवढ्या उकाड्यात अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. चार लोकांत साखर पेरल्यासारखं बोलायचा आणि घरी हात उचलायचा. बेकरीच्या दुकानातला तिचा पगारही त्याच्याच खिशात जायचा.

“ताई, खोली बघितलीय मी,” धाकटी म्हणाली. “फाटकावर एक बाई बसते, पुरुषाला आत पाऊल टाकू देत नाही. पुढच्या महिन्यात रिकामी होणार आहे. पण जामीन लागतो. ज्याचा क्रेडिट स्कोअर चांगला, असा.”

“म्हणजे कसा?”

“म्हणजे माझ्यासारखा कफल्लक नको!” धाकटी हसली, पण ओठ दुखला म्हणून तिथेच थांबली. “तुझं नाव देऊ?”

“विचारतेस काय, वेडे? खोली मी मिळवून देते. माझा शब्द.”

धाकटीला सरळ स्वतःकडे न्यावं असं थोरलीला कितीदा वाटलं होतं. पण ती राहायची हॉस्पिटलच्या वसतिगृहात. एका बाईला एक खाट, आणि दुसरं माणूस सापडलं तर खोलीही जाणार, नोकरीही जाणार.

आता आपलं नाव कुणीतरी तपासणार, या विचाराने थोरली आवराआवरीला लागली. तिच्याकडे तीन क्रेडिट कार्डं होती. एकावर आईच्या औषधांचं देणं होतं, ते ती दरमहा न चुकता फेडत होती. उरलेली दोन खणात पडून. त्यातलं एक नोकरीच्या पहिल्या वर्षी बँकेने गळ्यात मारलेलं, दुसरं असंच कुणाच्या तरी आग्रहाने घेतलेलं. ना देणं, ना घेणं. नुसती उघडी. तिला ते बघूनच कसंतरी झालं.

तिने बँकेत फोन लावला.

“मॅडम, नक्की बंद करायचं ना?” पलीकडच्या मुलाने विचारलं. “खातं बरंच जुनं आहे तुमचं.”

“हो बाळा. लागत नाही, तर उघडं कशाला ठेवायचं?”

दुसऱ्या दिवशी कापड कापायच्या मोठ्या कात्रीने तिने दोन्ही कार्डांचे तुकडे केले. वाफेचं मशीन चालवणारा तिचा सोबती, सगळे त्याला वाफवालाच म्हणायचे, तो बघत उभा होता.

“ताई, उकळूनच टाका ना! जंतू राहायला नकोत.”

“हस तू. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं.”

महिन्याभराने ती खोल्या भाड्याने देणाऱ्या कचेरीत जाऊन बसली. तिथल्या मुलीने कंप्युटरवर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

“मावशी, अलीकडे कार्डं बंद केलीत का?”

“हो, दोन. एकदाही वापरली नव्हती.” थोरलीच्या आवाजात अभिमान होता.

“तिथेच घोळ झाला हो.” मुलीने टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे सरकवला. “तुमच्यावर देणं आहे तेवढंच आहे. पण आधी तिन्ही कार्डांची मर्यादा एकत्र धरायचे. मोठ्या पातेल्यात तळाशी थोडं पाणी, तसं. दोन कार्डं गेली, पातेलं गेलं. आता तेच पाणी या पेल्यात, काठोकाठ. कंप्युटरला वाटतं, ही बाई गळ्यापर्यंत बुडालीय.”

“पण मी एक हप्ता चुकवलेला नाही!”

“दिसतंय ना मला. म्हणून तर वाईट वाटतं. मागच्या महिन्यात तुमचं नाव सहज चाललं असतं. आता थोडक्यासाठी आमच्या रेघेखाली आलायत तुम्ही, आणि ती रेघ काही हलत नाही.”

“मग परत उघडून घेते.”

“बंद झालेलं मिळेलच असं नाही. आणि नव्यासाठी अर्ज केलात तर आकडा आणखी जरा घसरेल. देणं फिटत जाईल तसा तो चढेल. चार-सहा महिने धरा.”

“चार-सहा महिने ती...” थोरली पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. मुलीला वाटलं, तहान लागलीय. तिने पेला हातात दिला.

धाकटीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मनाला लागतील असे दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

“जाऊ दे गं ताई. तू काय मुद्दाम केलंस? पिशवी भरून ठेवली होती खाटेखाली, ती रिकामी करते. त्याला कळायच्या आत.”

त्याला कळलंच.

आठवडा उलटला नसेल, वरून हाडांच्या ऑपरेशनचा सेट धुवायला आला. थोरली बारीक ब्रशने चिमट्याचा सांधा घासत होती. वाफवाला येऊन शेजारी उभा राहिला. आज त्याच्या तोंडात थट्टा नव्हती.

“ताई, ते माझ्याकडे द्या. तुम्ही वर जा.”

“का रे?”

“धाकटीला पहाटे आणलंय. हाताचं हाड. हा सेट... तिचाच आहे.”

थोरलीने हातातल्या चिमट्याकडे बघितलं. हा सेट तिनेच बांधला होता. पाणी गुलाबी झालं होतं. तिने तो चिमटा पूर्ण धुतला, फडक्यावर ठेवला, आणि मग जिन्याकडे धावली.

वर धाकटी डोळे मिटून पडली होती. नवरा खाटेजवळ फळं सोलत बसला होता.

“पायरी चुकली हो हिची, ताई. किती सांगतो, बघून चाल म्हणून!” तो गोड आवाजात म्हणाला. “उद्या सकाळी सोडतायत. मी येतोच गाडी घेऊन.”

डॉक्टरांपुढे धाकटीनेही पायरीच सांगितली होती. आता तिने डोळे उघडून ताईकडे बघितलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, मागणं नव्हतं. काहीच नव्हतं.

सकाळी उजाडायच्या सुमारास थोरलीने वसतिगृहातल्या आपल्या खाटेवरची चादर बदलली. स्वतःसाठी जमिनीवर सतरंजी टाकली. देवापुढे हात जोडले, पण रोजच्यासारखं काही मागितलं नाही. काय करणार आहे तेवढं सांगितलं. बाहेर पडून दार ओढून घेतलं. सवयीने हात कुलपाकडे गेला. मग ते कुलूप तिने खिशात टाकलं आणि दार नुसतं लोटून ठेवलं.

तळघरात वाफवाला ठरल्याप्रमाणे मळक्या कपड्यांच्या लिफ्टपाशी चाकाची खुर्ची घेऊन उभा होता.

“पकडल्या गेलात तर?”

“नोकरी जाईल. मग दोघी मिळून दुसरीकडे बघू. तोवर वसतिगृहाचा पहारेकरी त्याला तरी आत सोडणार नाही.”

“बसा मग निर्धास्त,” तो हळूच म्हणाला, “ही लिफ्ट तुमच्या मेहुण्याच्या हाताखालून गेलेली नाही.”

थोरली हसली नाही. तिने रिकाम्या खुर्चीवर घडी घातलेली शाल ठेवली, खुर्ची आत ढकलली आणि धाकटीच्या मजल्याचं बटण दाबलं.