धाकटीचं रडणं

धाकटीचा आवाज दादाच्या स्टुडिओखेरीज कुणालाच मिळत नसे. मोठमोठ्या कंपन्यांनी गळ घातली, तरी तिचं उत्तर ठरलेलं, "काचेपलीकडे दादा नसेल तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही." दादा वरवर वैतागायचा, "एवढी घोडी झालीस, अजून बोट धरून चालतेस," म्हणायचा, पण आतून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. स्टुडिओ म्हणजे तरी काय, तर दोन खोल्या, मधे जाड काच आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या.

एका व्हिडिओ गेमसाठी तिने त्यातल्या गावातल्या एका बाईचे तीनशे संवाद दिले होते. गावातल्या बाकीच्या बायकांना यंत्र तिच्याच आवाजात बोलायला लावेल, असं कंपनीने सांगितलं. दोघांनी होकार दिला. खरं तर चांगले टेक तेवढे वेचून द्यायचे होते, पण दादाचा आळस आडवा आला. त्याने अख्खी हार्डडिस्कच नेऊन दिली. "यंत्राला जितकं जास्त तितकं बरं," असंही वर म्हणाला. आपण फार शहाणपणाचं बोललो, असं त्याला वाटलं.

गेम बाजारात यायच्या आठवडाभर आधी एक प्रत आली. दुपारची वेळ होती, धाकटी कोपऱ्यावरून चहा आणायला गेली होती. दादा खेळायला बसला. या खेळांत त्याची गती यथातथाच. पहिल्याच गावात त्याच्याकडून एका बाईवर चुकून तलवार चालली.

बाई रडली आणि दादाचा हात जागच्या जागी थिजला. अर्ध्यावर अडकणारा हुंदका, मग नाकातून निघणारा बारीक सूर. धाकटीने असा टेक कधी दिलाच नव्हता. हे रडणं त्याने आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. रेकॉर्डिंगच्या मधेच आई गेल्याचा फोन आला, त्या दिवशी. खात्री करायला त्याने दुसऱ्या बाईवर वार केला. तिचे शब्द वेगळे होते, रडणं तेच. तिसरी तर म्हातारी होती, पण तिचीही आई नुकतीच गेली होती.

त्याने कंपनीला फोन लावून ते रडणं कुठून आलं, असं विचारलं.

"अहो, तुमच्या बहिणीने ती वाक्यं म्हटलेलीच नाहीत," पलीकडचा माणूस समजावत म्हणाला. "यंत्राने बनवलीत. आणि करारात सगळी रेकॉर्डिंग्ज असं लिहिलंय. पण तुम्हाला सांगतो, सगळ्यांना ते रडणंच आवडलंय. अगदी खरं वाटतं."

"ते खरंच आहे," दादा म्हणाला.

"मग तर उत्तमच."

फोन ठेवून तो वळला, तर दारात धाकटी उभी. पडद्यावरची म्हातारी अजून रडायची थांबली नव्हती. धाकटीने दोन्ही कप सावकाश टेबलावर ठेवले.

"हे आईसाठीचं आहे," ती म्हणाली.

"मला वाटलं, सगळं बंद होतं," दादा म्हणाला.

"तूच म्हणालास. सगळं बंद केलंय, कुणी ऐकत नाहीये, मनसोक्त रड."

आता कुठे दादाच्या डोक्यात उजेड पडला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी त्याने बंद केला होता तो फक्त आपल्या खोलीतला स्पीकर. बहिणीचं रडणं त्याला ऐकवेना, म्हणून. रेकॉर्डिंग चालूच होतं.

"मी आत्ता जातो," तो म्हणाला. "काढायला लावतो त्यांना. बोल ना काहीतरी."

धाकटीने तोंड उघडलं. काचेपलीकडच्या माइककडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मग समोर उभ्या उभ्याच तिने फोनवर काहीतरी टाइप केलं. दादाच्या खिशात फोन वाजला.

"बोलायचं असेल तर खाली रस्त्यावर ये. इथे काय बंद आहे आणि काय चालू, ते मी आता तुझ्या तोंडून ऐकणार नाही."

त्याने वाचून मान वर केली, तोवर ती जिना उतरून गेली होती.