मुख्य दुकान धुळे

वृषालीनं ‘कूलर जळगाव’ असं टाइप केलं, एन्टर दाबलं आणि लॅपटॉप रूहीकडे वळवला.

पडद्यावर सगळ्यात वर धुळ्याचं दुकान होतं. त्याखाली दोन बड्या कंपन्या, त्याखाली जुना कूलर घरच्या घरी साफ करण्याच्या युक्त्या. रूहीनं बोटानं पडदा वर सरकवला, पुन्हा सरकवला. बोट पत्र्यानं कापलं होतं आणि त्यावर काळी इन्शुलेशन टेप गुंडाळलेली होती. निकाल संपत आले, पण ‘नूर कूलर, पिंप्राळा’ कुठे दिसेना.

“पण साइट तर उघडते ना ताई. मी रोज उघडून बघते.”

“तुम्हाला पत्ता पाठ आहे म्हणून उघडते. ज्याला पत्ता पाठ आहे तो कशाला शोधत बसेल?”

शेडच्या मागच्या बाजूला रूहीचा नवरा फैसल पत्र्याला रिबीट मारत होता. त्याच्या ठोक्यात खंड पडला नाही. ऐकू येतं आहे हे कळू द्यायचं नसलं की माणूस जसं काम करतो, तसं तो करत होता.

नूर कूलर नावाची दुकानं दोन. धुळ्याचं मोठ्या भावाचं, जब्बारभाईंचं, बापाच्या वेळेपासूनचं. जळगावचं, पिंप्राळ्यातलं, फैसलचं, लग्नानंतर काढलेलं. फैसल अजूनही जाड पत्रा स्वतः कापून, घडी घालून कूलर बनवत असे. जब्बारभाईंनी ती कटकट कधीच सोडली होती. ते कंपनीचा तयार माल आणून त्यावर ‘नूर’चं स्टिकर लावत आणि स्टिकर मात्र स्वतःच्या हातानं लावत, सरळ.

मागच्या उन्हाळ्यात जामनेरच्या चिंधाभाऊंनी रूहीला फोनवर झाडलं होतं. “तुमचा कूलर दोन महिन्यांत गंजला!” रूही म्हणाली, आमच्याकडून नेलाच नाहीत तुम्ही. तेव्हा भाऊ जास्तच तापले. “मोबाइलमधी नूर कूलर पायलं अन् धुय्याले गेलो ना बाई! तुमच्या दारावरूनच गेली गाडी!”

जामनेरहून धुळ्याला जाताना वाटेत जळगाव लागतं, पण नाव एकच असलं तरी दुकानं वेगळी, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

आता रमजान चालू होता आणि उन्हाळा चढू लागला होता. शेडचा भाडेकरार ईदपर्यंतच होता. जब्बारभाईंनी फोनवर सुचवून ठेवलं होतं, करार वाढवू नकोस, इकडे ये, मोटारी बसवायला भरवशाचा हात हवा आहे. फैसल नाही म्हणाला नव्हता. मोठ्या भावाला तो कशालाच नाही म्हणाला नव्हता. रूहीच्या मते तिच्याशी लग्नालासुद्धा तो त्याच सवयीनं हो म्हणाला असावा. म्हणून तिनं वृषाली सपकाळेला बोलावलं. शेड ठेवायची तर गिऱ्हाईक हवं, गिऱ्हाईक हवं तर आधी दिसायला हवं.

वृषाली पिंप्राळ्यातच राहायची. पुण्याच्या कंपनीत असताना रात्रंदिवस खपून ती जे अहवाल तयार करी, त्यांवर साहेबाचं नाव जाई. एकदा तिनं स्वतःचं नाव टाकून अहवाल पाठवला आणि पुढच्या आठवड्यात ती जळगावला परत आली. आता लोकांच्या बिघडलेल्या साइटी दुरुस्त करायची. साइट बघितली की तिला घर कळे. मालाच्या फोटोपेक्षा मालकाचा फोटो मोठा असला की तिथे बिल उशिरा मिळणार हे ती धरून चाले. एका डॉक्टरांच्या साइटवर सत्काराचे सगळे फोटो झटक्यात उघडत, फक्त नंबर लावायचं बटण चालत नसे. तिनं ते दुरुस्त करून दिलं, तर डॉक्टर म्हणाले, “ते राहू द्या, आधी माझा फोटो जरा ठळक करा.”

रूहीच्या साइटवर तिनं आधी नेहमीचे रोग तपासले. फोटो जड होते, पण त्यानं पान उशिरा उघडतं, गायब होत नाही. कुठे शोधयंत्राला ‘आत येऊ नये’ असा मनाईचा फलक राहून गेला आहे का पाहिलं, नव्हता. पानांची यादी गुगलला दिलेली होती. तुटलेले दुवे थोडे होते, ते जोडले. तरी दुकान दिसेना. मग तिनं पानाच्या पोटातला मजकूर उघडला आणि वाचता वाचता थांबली.

“रूहीभाभी, इकडे या. हे बघा. प्रत्येक पानाच्या डोक्यात अशी एक ओळ असते. गिऱ्हाइकाला दिसत नाही, गुगलला दिसते. एकच मजकूर दोन ठिकाणी असला तर मूळ पान कुठलं, ते या ओळीत सांगायचं असतं.”

“मग?”

“तुमच्या प्रत्येक पानावर लिहिलंय की मूळ पान धुळ्याचं. मजकूरही शब्दन्‌शब्द तिथलाच. म्हणजे तुम्हीच गुगलला सांगताय, आम्ही नक्कल आहोत, आम्हाला सोडा, अस्सल तिकडे आहे. ते बिचारं तुमचं ऐकतंय.”

रूहीनं ती ओळ बराच वेळ पाहिली. तिला त्यातलं फक्त धुळ्याच्या साइटचं नाव वाचता येत होतं आणि तेवढं पुरे होतं.

“लिहिलं कोणी हे?”

साइट बनवणारा हसीब त्यांचा लांबचा नातेवाईक होता. वृषालीनं फोन स्पीकरवर टाकला. हसीब आधी हसला. “चूक नाही ताई ती. फैसलभाईंनीच सांगितलं होतं, भाईजानचं नाव पुढे ठेव, आमचं दुकान त्यांचंच समज. मोठ्याचा मान असतो ना. मी विचार केला, हे करायची पद्धतशीर सोय आहे तर करून टाकू. मजकूरही तिकडचाच उचलला.”

मागचे ठोके थांबले होते. शेडच्या दारावरच्या पाटीवरही, रूहीला एकदम आठवलं, नावाखाली बारीक अक्षरात हेच होतं. मुख्य दुकान धुळे. पाटी रंगवली तेव्हा ती हसली होती. रंगवलेली पाटी गिऱ्हाईक दारात आल्यावर वाचतं. ही ओळ गिऱ्हाइकाला दारातच येऊ देत नव्हती.

“काढा ती,” रूही म्हणाली.

“फैसलभाईंना—”

“ताई, काढा.”

वृषालीनं काढली. पण मजकूर उसना असेपर्यंत उपयोग नाही, हेही तिनं सांगितलं. मग रूहीनं नवा मजकूर सांगितला आणि वृषालीनं टाइप केला. पत्रा कुठल्या जाडीचा, घडी कशी घालतो, जाळीतलं गवत दरवर्षी का बदलावं, खारं पाणी असलं तर टाकीला आतून काय लावावं. धुळ्याच्या पानावर लिहिलं होतं, ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. रूहीनं ते वाचून विचारलं, “याच्यात कूलर कुठंय?”

गुगल लगेच येत नाही. त्याच्या सवडीनं फिरकतं. पण ते आलं. एका सकाळी ‘कूलर जळगाव’ टाकलं तर पिंप्राळा वर होतं. जामनेरहून फोन आला, मग भुसावळहून. रूहीनं गवताचा जादा माल मागवला. फैसल त्या दिवसांत रोजा सोडून झाल्यावर पुन्हा शेडमध्ये येऊन बसू लागला.

मग एका दुपारी गिऱ्हाइकांचे फोन यायचे बंद झाले. वृषालीनं पाहिलं, तर पिंप्राळा पुन्हा गायब. साइटच्या साठून राहिलेल्या जुन्या प्रतींचा घोटाळा असेल म्हणून तिनं त्या सगळ्या साफ केल्या, पानांचा साचा तपासला. शेवटी पानाच्या पोटात गेली. ओळ परत आपल्या जागेवर होती.

हसीब या वेळी हसला नाही. “साइटची चावी अजून माझ्याकडे आहे ना ताई. फैसलभाईंचा फोन आला. परत टाक म्हणाले.”

रूही जमिनीवर बसून जाळीत गवत भरत होती. तिनं मूठभर गवत घेतलं, पसरलं, दाबलं.

“विचारू नका त्यांना,” ती वृषालीला म्हणाली. “ते काय सांगतील मला माहीत आहे. भाईजाननं लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, तेच सांगतील. ती सायकल मी बघितलीपण नाही, पण तिचं ओझं मलाच.”

“मग मी काय करू?”

“पुन्हा काढा. ते टाकतील. तुम्ही पुन्हा काढा. बघू कोण दमतं.”

दुसऱ्या दिवशी जब्बारभाई स्वतःच आले. वृषाली ओळ काढायला लॅपटॉप मांडून बसलेलीच होती. शेडमध्ये एकच धड खुर्ची होती, ती फैसलनं पुसून पुढे केली. मोठा भाऊ बसला की धाकटा उभा राही, तसा तो उभा राहिला. रोजा असल्यानं चहा नाही, पाणीसुद्धा नाही. पत्र्याखाली ऊन साचलेलं. पाहुण्याला देण्यासारखा तिथे फक्त वारा होता. फैसलनं तपासणीसाठी पाणी भरून ठेवलेला कूलर चालू केला आणि त्याचं तोंड भाईजानकडे वळवलं.

दोघे भाऊ आपसांत हिंदीत बोलत, बाहेरच्या माणसासमोर मराठीत. वृषाली समोर होती, म्हणून त्या दिवशीचं भांडणही मराठीत झालं.

“मॅडम,” जब्बारभाई हसून म्हणाले, “तुम्ही शिकलेल्या. एका घरात दोन चुली झाल्या तरी घराचं नाव एकच राहतं.”

“नाव एकच राहू द्या ना. पत्ता तरी ज्याचा त्याला द्या.”

“पत्ता काय, फोन आला की मी सांगतोच, जळगावला आमचा भाऊ आहे.”

“चिंधाभाऊंना नाही सांगितलंत,” रूही गवतावरून मान न उचलता म्हणाली. “ते आमच्या दारावरून तुमच्याकडे आले, कंपनीचा पातळ पत्रा घेऊन गेले आणि गंजल्यावर शिव्या द्यायला त्यांनी मला फोन केला.”

“शिव्या मी तर नाही ना दिल्या, बेटा?” ते मोठ्यानं हसले. त्यांना हसता छान यायचं. “मी इथे हिशेब करायला आलो नाही. ईद झाली की शेड सोडा. फैसल माझ्याजवळ राहील. उन्हातान्हात पत्रे वाकवून कंबर जाईल त्याची. मी त्याला लहानाचा मोठा केला, आता असं बघवत नाही.”

हे खरं होतं.

“आणि ती ओळ,” जब्बारभाई वृषालीकडे वळले, “तुम्ही काढली. मी याला एक फोन केला, यानं तासाभरात परत टाकायला लावली. पुन्हा काढाल, पुन्हा फोन करीन. माझा भाऊ आहे तो. काय फैसल?”

फैसल कूलरजवळ गेला आणि वाकला. पंपाचं पाणी बघत असावा असं सगळ्यांना वाटलं. त्यानं दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि कूलर ढकलला. चाकं कुरकुरली. भाईजानच्या अंगावरून, वृषालीच्या कागदांवरून, पत्र्यांच्या थप्पीवरून वारा फिरत गेला. रूही बसली होती तिथे त्यानं कूलर थांबवला. तिच्या पुढ्यातलं सुटं गवत उडालं. तिनं त्यावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“वृषालीताई,” फैसल म्हणाला, “हसीबची चावी बंद होते का?”

“पासवर्ड बदलला की होते.”

“बदला. ती ओळ काढा आणि बदला. नवा रूहीला सांगा.” त्याची नजर जमिनीवर होती, पण आवाज खाली गेला नाही. “मला सांगू नका. भाईजानचा फोन आला तर माझ्यानं नाही म्हणवत नाही.”

वृषालीनं लॅपटॉप उचलला आणि रूहीशेजारी जमिनीवर जाऊन बसली. रूहीनं टेप गुंडाळलेल्या बोटानं एकेक अक्षर दाबलं. फैसल मागे गेला. पत्र्यावर ठोके सुरू झाले.

जब्बारभाई खुर्चीत तसेच बसून होते. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. दाराबाहेर ऊन पांढरं झालं होतं आणि धुळ्याच्या गाडीला वेळ होता. थोड्या वेळानं ते उठले. खुर्ची उचलून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

रूहीनं मान वर केली नाही. शेजारचा गवताचा भारा तेवढा बाजूला सरकवला आणि कूलरच्या वाऱ्यात खुर्चीपुरती जागा केली.